बारापैकी बारा

माझ्या नावावर जी काही विद्वत्ता जमा आहे ती बारा शब्दांवर उभी आहे. चिमटा, नींबू, ताला, बैल, खटिया, मिर्ची, कंघी, कुआँ, साबुन, दीया, घंटी, पतंग. बस्स, एवढंच. म्हाताऱ्या माणसाची आठवण कमी होऊन राहिली का, हे पाहायला आम्ही हे शब्द त्याच्यापुढे वाचतो, सेकंदाला एक. मग म्हणतो, आता आठवतील तेवढे सांगा. असं तीनदा. त्यानंतर वीस मिनिटं दुसऱ्याच गप्पा, घरच्या, शेताच्या, गुडघ्याच्या. आणि मग अचानक विचारतो, मघाचे शब्द कोणते होते हो? ज्याला आठ-नऊ सांगता येतात तो सुखानं घरी जातो. ज्याला दोन-तीनच येतात त्याच्या मुलाला किंवा सुनेला आम्ही बाजूला बोलावून घेतो.

गेल्या महिन्यात एका नियतकालिकाच्या संपादकांचं पत्र आलं. तुमची टेस्ट आता इतक्या ठिकाणी वापरतात, इतके लोक तिचा संदर्भ देतात, तर ती कशी जन्मली यावर एक आठवणींचा लेख द्या, असं त्यांनी मोठ्या आदरानं लिहिलं होतं. मी हो म्हणून बसले. तीनदा लिहायला घेतलं आणि तीनदा उठले. त्यांना पाहिजे तसा लेख माझ्या हातून होत नाही. जो होऊन राहिला तो हा, आणि हा त्यांच्या काही कामाचा नाही.

टेस्टचा जन्म माझ्या मायच्या तोंडून झाला. माय चौथी शिकलेली. बाबा रेल्वेत होते, विदर्भातून बदलीवर रायपूरला आले आणि इथलेच झाले. रिटायर झाल्यावर तात्यापाऱ्यात मागच्या गल्लीत दोन खोल्यांचं घर घेतलं आणि चार वर्षांत गेले. घरात माय, माझा भाऊ आणि वहिनी. मी मेंदूवर संशोधन करते हे गल्लीतल्या बायांना समजावून सांगताना माय म्हणायची, "डोक्याची डॉक्टर हाय, पण सुई नाई देत." बायांचा विश्वास बसायचा नाही. सुई न देणारी डॉक्टर कशाची डॉक्टर!

तेव्हा मी नुकतीच नोकरीला लागले होते. आमच्याकडे परदेशातल्या याद्या नुसत्या हिंदीत उतरवून वापरत. एकदा धमतरीकडची एक म्हातारी बाई आली होती. तिला मी सोफा, टाय, बिस्किट असं काहीबाही वाचून दाखवलं. तिनं माझ्याकडे अशा काही दयेनं पाहिलं की डोकं माझंच बिघडलं आहे असं वाटावं. हाती आला भोपळा. कागदावर लिहायचं तर बाई साफ गेलेली, आणि ती तर नातवंडांच्या जन्माचे वार तोंडपाठ सांगत होती. मी तणतणत घरी आले. माझा राग नाकावर असतो, सगळ्यांना माहीत आहे. माय दारात तांदूळ निवडत होती. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमी तिले जे आठवाले सांगता, ते तिच्या घरात हाय का?"

झालं. माझ्या आयुष्यभराच्या कामाचा गाभा हा एवढाच आहे. पुढं मी तो कितीतरी पानं लिहून, तक्ते जोडून सांगितला.

दुसऱ्या दिवशी ती मला गोल बाजारात घेऊन गेली. एकेका दुकानापुढे थांबायची आणि वस्तूला हात लावून बोलायची. "चमचा नको, खेड्यात हातानं खातात लोकं. छत्री नको, ज्याच्या डोक्यावर बांबूची खुमरी असते त्याले छत्री कायले आठवल?" चिमट्यापाशी आली तेव्हा तिनं चिमटा उचलून दोनदा वाजवला आणि म्हणाली, "हा घे. चिमटा नाई असं एक घर दाखव मले." दुकानदार भैयाला वाटलं गिऱ्हाईक आलं. आम्ही दोघी शब्द घेऊन निघालो आणि त्याचा चिमटा तिथंच राहिला. तो मागून बडबडला, तेव्हा माय परत गेली आणि एक चिमटा विकत घेऊन आली. तो अजून घरात आहे.

पहिल्या शोधनिबंधात आभाराच्या जागी मी लिहिलं होतं, 'स्थानिक सहकार्याबद्दल ऋणी'. स्थानिक सहकार्य! मायला आई म्हणून लिहायची मला लाज वाटली होती. चौथी पास बाईनं शब्द निवडले असं कळलं तर लोक हसतील, असं मनात होतं. आज स्वतःचाच संताप येतो, पण लिहिते, कारण खोटं लिहून काय उपयोग.

शब्द वाचायचे तर आवाज सपाट लागतो. कुठल्या शब्दावर जोर नको, गाण्यासारखी चाल नको. ही सवय मी मायवर केली. ती लसूण सोलत बसायची, मी वाचायची, ती आठ-नऊ सांगायची. पुढं माझ्या विद्यार्थिनीही रविवारी यायच्या आणि मायपुढे वाचायच्या. माय त्यांना पोहे खाऊ घालायची आणि वर म्हणायची, "तू लवकर लवकर वाचून राहिली व. हळू वाच, म्हातारे लोक पळतात का?"

मग तो दिवस आला. बाहेरून एक मोठे प्राध्यापक आमचं काम पाहायला येणार होते. ज्या बाईंवर टेस्ट करून दाखवायची त्या ऐनवेळी आल्याच नाहीत. मी घरी फोन केला, "माय, तयार होऊन बस." माय चांगलं पातळ नेसून आली. पंधरा माणसं गोल करून बसलेली, सगळ्यांच्या हातात वह्या. एवढी शिकलेली माणसं तिनं एका खोलीत कधी पाहिली नव्हती.

आमच्या कागदावर सर्वांत वर तीन ओळी असतात. 'यह परीक्षा नहीं है। इसमें कोई पास-फेल नहीं होता। जितना याद आए, उतना बताइए।' या ओळी मी स्वतः लिहिल्या आहेत. हे न वाचता जो पुढं जातो त्याच्या हातातला कागद मी काढून घेते. किती पोरींना रडवलं असेल त्यापायी. त्या दिवशी मात्र मी त्या ओळी वाचल्या नाहीत. म्हटलं, ही तर घरचीच.

वीस मिनिटांनी माय पाच शब्दांवर अडकली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. प्राध्यापक हसून म्हणाले, "मैडम, आपकी माताजी तो आपकी ही टेस्ट में फेल हो गईं." सगळे हसले. त्यांचा काही वाईट हेतू नव्हता, नंतर त्यांनीच माझ्या कामाची शिफारस केली. पण माझ्या अंगाची आग आग झाली. परतताना ऑटोत मी मायवर तुटून पडले. "घरी तर नऊ-नऊ सांगत होतीस, इथंच काय झालं तुले? नाक कापलं माझं सगळ्यांपुढे. तुझ्यामुळं म्हणतील की टेस्टच खोटी आहे." घराजवळ उतरताना ती एवढंच म्हणाली, "पुढच्या बारीले नाई चुकणार."

हे सगळं मी दोन दिवसांत विसरून गेले. माझा राग असाच आहे, येतो नि जातो. ज्याच्यावर काढला तो काय करतो त्याचं, हे मी कधी विचारलंच नाही.

त्यानंतर गाडी चांगलीच धावायला लागली. पहिला निबंध एकदा परत आला, 'शब्द फार स्थानिक आहेत' म्हणून, आणि त्याच कारणासाठी दुसरीकडे वाखाणला गेला. आजूबाजूच्या राज्यांतून पत्रं आली. कुणी टेस्ट ओडियात नेली, कुणी तेलुगूत, कुणी गोंडी बोलणाऱ्यांसाठी. प्रत्येकानं आपल्याकडच्या बाजारात जाऊन आपले शब्द घ्यायचे, हीच आमची पद्धत म्हणून नावारूपाला आली. पोरापोरींनी तिच्यावर पीएचड्या केल्या. दर वेळी मी घरी येऊन सांगायची आणि मायचा प्रश्न ठरलेला, "माया चिमटा ठेवला का त्याईनं?" समुद्राकाठच्या लोकांनी चिमटा काढून जाळं घातलं, तेव्हा ती दिवसभर फुगून होती. "जायात पोळ्या भाजतात का ते?" मी हसले. "अवो माय, ते भात खातात." "मंग राहू दे," म्हणाली, पण मनापासून नाही.

माझं नाव आणखी एका गोष्टीसाठी झालं. एका माणसाला तीच यादी पुन्हा पुन्हा द्यायची नाही, असा आमचा कडक नियम आहे. ऐकून ऐकून शब्द पाठ होतात आणि मग आकडा फसवतो. म्हणून आम्ही दुसरी यादी केली, 'ब' यादी. सूचनांच्या पुस्तिकेत पहिल्याच पानावर हा नियम ठळक अक्षरांत आहे. तो ठळक करायला मीच लावला होता.

आता वहिनीचं. वहिनी इथल्याच छत्तीसगढी घरातली. मराठी सगळं समजते, उत्तर हिंदीत देते. कमी बोलते. मी तेव्हा वेगळी राहत होते; एका रविवारी गेले तर तिनं मला मागच्या दाराशी नेलं. "दीदी, माँ कुछ भूल रही हैं."

"काय भुलली?"

"दाल में दो-दो बार नमक. और परसों गोल बाज़ार गईं तो बर्तन वालों के यहाँ खड़ी ही रह गईं. दुकान वाले भैया घर छोड़ के गए."

मला झोंबलंच. मेंदूबद्दल मला शिकवणारी ही कोण, असं वाटलं. दुसऱ्याच्या घरची सून असं सांगत आली असती तर मी तिला खुर्ची देऊन, पाणी देऊन, सगळं लिहून घेतलं असतं. पण आपला तो बाब्या. माझी माय कशी विसरेल? माझ्या पिशवीत कागद होते. 'अ' यादी होती, 'ब' नव्हती. 'ब' घेऊन दुसऱ्या दिवशी आले असते तरी चाललं असतं. नाही आणली. मायला समोर बसवलं आणि वाचायला लागले. वरच्या तीन ओळी याही वेळी सोडल्या.

माय ताठ बसली. हात मांडीवर. पहिल्याच वाचनानंतर तिनं बाराच्या बारा शब्द सांगितले, ओळीनं, एकाही शब्दाची जागा न बदलता. चिमट्यापासून पतंगापर्यंत. वीस मिनिटांनीही तसेच. इतक्या वर्षांत हजारो माणसं पाहिली मी. आठवून सांगणारा माणूस कधीच ओळीनं सांगत नाही. शेवटचे आधी सांगतो, मग मधलाच एखादा, मग डोळे मिटतो. ओळीनं फक्त पाठ केलेलं येतं. कुण्या विद्यार्थिनीनं असा कागद माझ्यापुढे आणला असता तर मी तिला उभी सोलली असती. तिथं मात्र मी तो कागद वहिनीपुढे नाचवला. "ये देखो. बारह में से बारह. मेरी पोरियों को भी नहीं आते."

वहिनीनं कागद पाहिला. "हव दीदी," म्हणाली आणि आत गेली. त्यानंतर वर्षभर तिनं हा विषय काढला नाही.

पुढच्या वर्षी पुन्हा तेच. पुन्हा बारा. मी तर एका मोठ्या सभेत सांगितलं, माझी आई चौथी शिकलेली, वय सत्तरच्या वर, आणि बारापैकी बारा, म्हणजे शिक्षण नसलेल्या माणसाला आमची टेस्ट अन्याय करत नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी त्या घेतल्या.

त्या दोन वर्षांत काय काय दिसत होतं ते आता दिसतं. माय विहारात जायची बंद झाली होती, म्हणायची पाय दुखतात. वस्तूंना 'ते' म्हणायला लागली होती, ते दे, ते तिकडचं. दिवसातून तीनदा फोन करून विचारायची, जेवली का. मी कावायची, "सकाळीच तर सांगितलं न!" एकदा मी अंगणात लॅपटॉप घेऊन बसले होते तर जवळ येऊन उभी राहिली. "पोट्टे, मले एक गोष्ट सांगाची होती."

मी वर न पाहता म्हटलं, "माय, आज पेपर पाठवायचा आहे. नंतर सांग न."

"राहू दे," ती म्हणाली. "तुयं काम कर."

ती गोष्ट मी नंतर विचारली नाही. त्या दुपारी पाठवलेल्या पेपरचं शीर्षक विचाराल तर तेही आज मला चटकन सांगता येत नाही.

तिसऱ्या वर्षी वहिनीचा फोन आला. आवाज नेहमीपेक्षा वेगळा. मायनं तिला विचारलं होतं, तू कोणाच्या घरची व? मी म्हटलं, येते, टेस्ट घेऊन येते. तर वहिनी, जी कधी मान वर करून बोलली नाही, ती म्हणाली, "दीदी, वो वाली मत लाना. वो तो माँ रोज़ वंदना में बोलती हैं."

"काय बोलते?"

"चिमटा, नींबू, ताला. रोज़ शाम को. मैंने पूछा था बहुत पहले, तो बोलीं, पोट्टी के लिए है. मुझे लगा आपके लिए कोई दुआ है."

मी संध्याकाळी गेले. चपला काढून दारातच थांबले. घरात मेणबत्ती लागलेली होती. आमच्या घरी रोज संध्याकाळी वंदना होते, लहानपणापासून. मायला पाली भाषेतल्या सगळ्या शब्दांचा अर्थ येतो असं नाही, पण तोंडी सगळं पाठ. आम्हा दोघा भावंडांनाही तिनं असंच पाठ करवलं होतं, रोज म्हणून म्हणून. बाईला पाठ करायची हीच एक रीत माहीत होती. तिनं त्रिशरण म्हटलं, पंचशील म्हटलं, डोकं टेकवलं. मग पुन्हा हात जोडले आणि त्याच चालीत म्हणायला लागली. चिमटा, नींबू, ताला. बैल, खटिया, मिर्ची. मधे एकदा अडखळली, तर पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. बारा झाले तेव्हा मोठा श्वास सोडला.

मी तिथं दारात बसून रडले. वहिनीनं पाणी आणून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी 'ब' यादी घेऊन बसले. खरं म्हणजे गरज नव्हती, कळलंच होतं. पण हाताला दुसरं काही येत नाही ना. पहिले तीन शब्द वाचले आणि मायचा चेहरा उतरला. तिनं माझा हात धरला. "ही नको व. ती घे. ती येते मले."

"माय, तीच कशी घेऊ?"

"घे न. ती पक्की हाय. एक नाई चुकत मी."

मी कागद बाजूला ठेवला. विचारलं, काहून पाठ केली? कधीपासून? मला वाटलं होतं, आता आजारात केली असेल. तर तिनं मला तो ऑटो सांगितला. मी काय काय बोलले ते शब्दाला शब्द सांगितलं. आदल्या दिवशी काय जेवली हे तिला आठवत नव्हतं, आणि माझ्या तोंडचं 'नाक कापलं' आठवत होतं. त्याच संध्याकाळपासून ती रोज म्हणत होती. आधी, पुन्हा माझं हसं होऊ नये म्हणून. मग विसरायला लागली तेव्हा दुसऱ्याच भीतीनं.

"मले समजलं होतं व," ती म्हणाली. "घरचा रस्ता भुलली ना बाजारात, तवाच समजलं. पण येवढ्या गावात गेली तुयी टेस्ट. तुयी मायच नापास झाली म्हणल्यावर लोक काय म्हणतीन? अन मंग मले वाटे, बारा येऊन राहिले तवरिक मी हाय. जवा नाई येतीन तवा पाहू."

"मले सांगायचं होतंस."

"सांगत होती," ती म्हणाली. "तुयं काम होतं."

माझे डॉक्टर मित्र म्हणतात, दोन वर्षं आधी कळलं असतं तरी फार फरक पडला नसता. या रोगावर औषध आहे कुठे. खरं आहे. हे मीच लोकांना सांगत आले, मीच लिहिलं आहे. पण आधी कळण्याचा उपयोग औषधापुरता असतो, असं जो म्हणतो त्यानं कधी कोणाला घरचा रस्ता विसरताना पाहिलेलं नसतं. दोन वर्षं माय आतल्या आत घाबरत होती. एकटी. जगात या भीतीबद्दल ज्या बाईला सगळ्यात जास्त माहीत आहे असं लोक मानतात, ती बाई तिच्यापुढं दोनदा पेन्सिल घेऊन बसलेली होती. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हाच असावा. मी वहिनीची माफी मागितली, पाया पडायला गेले, तर तिनं मला धरून उभं केलं. "माँ को कुछ नहीं चाहिए था दीदी. डरती थीं बस. कोई पास बैठ जाता तो ठीक हो जाती थीं." ती बसत होती पास. रोज.

पुस्तिकेच्या पुढच्या आवृत्तीत मी आभाराचा मजकूर बदलला. 'शब्द माझ्या आईनं निवडले' असं लिहिलं. एका तरुण संशोधिकेनं कौतुकानं कळवलं, किती छान गोष्ट आहे, मॅडम. मायला वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, "कोणाची आई?"

त्यालाही आता काळ झाला. यादी शेवटाकडून गळत गेली. आधी पतंग गेला, मग घंटी, मग दीया. कुआँ बरेच दिवस होता. चिमटा सगळ्यांत शेवटी गेला. वहिनीनं तिच्या हातात तो खरा चिमटा दिला, तर तिनं तो दोनदा वाजवला आणि खाली ठेवला, नाव नाही आलं. वंदना मात्र अजून येते, भाऊ सुरू करतो आणि ती पुढचं म्हणते.

गेल्या रविवारी मी या लेखापायी जुने कागद चाळत तिच्याजवळ बसले होते. तिचा पहिला कागद सापडला. पिवळा पडलेला, एका कोपऱ्यात माझं अक्षर, नऊ. वरच्या तीन ओळी तशाच, न वाचलेल्या. म्हटलं, इतक्या लोकांना वाचून दाखवल्या, हिलाच राहिल्या. मी तिच्याकडे तोंड करून बसले आणि वाचलं. हिंदीत वाचलं, मग आपल्या भाषेत सांगितलं. "माय, ही परीक्षा नाही. यात कोणी पास नाही, कोणी नापास नाही. जेवढं आठवल तेवढं सांग. नाही आठवलं तरी चालते."

कागद पाहून ती ताठ बसली. हात मांडीवर घेतले. बराच वेळ ओठ हलवत राहिली, काही आलं नाही. मग तिनं दाराकडे पाहिलं, कोणी ऐकत तर नाही ना असं, आणि माझ्याकडे वाकून हळूच म्हणाली, "मॅडम, एक ऐकता का? मले नाई आलं, हे माया पोट्टीले नका सांगजा. ते चांगली हाय, पण लय चिडते."

"नाही सांगत," मी म्हणाले.